दरखदार, डेटा अधिकारी आणि पगार देणाऱ्यावर नजर ठेवायचा प्रश्न

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून रात्री वाचा.

२९ सप्टेंबर २०१० ला आपल्या जिल्ह्यातल्या टेंभली गावात (ता. शहादा) तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी आले आणि देशातले पहिले आधार क्रमांक तिथे वाटले गेले. देशाच्या माहितीची ही गाडी सुटली ती आपल्या फलाटावरून. तेव्हा फोटोंचं, हेलिपॅडचं, रस्त्याच्या डांबराचं कौतुक झालं. माहिती देऊन टाकल्यावर ती सांभाळणार कोण, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही. विचारला असता तरी उत्तर नव्हतं, कारण तेव्हा आधारचा कायदाच नव्हता, तो आला २०१६ ला. आणि खाजगी कंपन्यांनी आपल्या माहितीचं काय करायचं याचा कायदा आला ऑगस्ट २०२३ मध्ये. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं लागू व्हायला त्यात अठरा महिने दिलेत, म्हणजे मे २०२७. टेंभलीपासून मोजलं तर साडेसोळा वर्षं.

या कायद्यात एक खुर्ची आहे. तिचं नाव डेटा प्रोटेक्शन ऑफिसर, आपण डेटा अधिकारी म्हणू. मोठ्या कंपनीनं हा माणूस नेमायचा. कंपनी लोकांची माहिती नीट वापरते का यावर त्यानं लक्ष ठेवायचं, आणि तुमची-आमची तक्रार त्याच्याकडे जायची. ऐकायला छान आहे. पण त्याला नेमणार कंपनी, पगार देणार कंपनी, बढती देणार कंपनी, काढणार पण कंपनी. मग तो कंपनीला "नाही" कधी म्हणणार?

हा प्रश्न काही कॉम्प्युटरनं जन्माला घातलेला नाही. आपल्याकडे तो तीनशे वर्षांपूर्वी पडला होता आणि त्यावर उत्तरही शोधलं गेलं होतं. आजची पोस्ट मुख्यतः त्याच्यावर आहे.

शिवकाळात गडावर एकच माणूस सर्वेसर्वा नसायचा. हवालदार, सबनीस, सरनोबत असे तिघे, आणि तिघे बरोबरीचे. किल्ल्या एकाकडे, हिशेब दुसऱ्याकडे, शिबंदी तिसऱ्याकडे. कारण उघड आहे. एकटा फितूर झाला तर गड जातो. तिघे एकदम फितूर होणं अवघड.

पेशवाईत हीच कल्पना महसुलात आली. परगण्यावर मामलतदार किंवा कमाविसदार असायचा. आजच्या भाषेत कलेक्टर, पोलीस, न्यायाधीश, सगळं थोडं थोडं एकात. त्याच्या कचेरीत त्याच्या हाताखाली दिवाण, मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस, चिटणीस अशी माणसं बसायची. त्यांना म्हणायचे दरखदार. दिवाणाची सही असल्याशिवाय पत्र-हुकूम पुढे जायचा नाही. मुजुमदारानं मंजूर केल्याशिवाय हिशेब फडणीसाकडे जायचा नाही. फडणीसानं तारीख घातल्याशिवाय कागद पुरा व्हायचा नाही. आपल्या आडनावांमध्ये ही सगळी खाती आजही जिवंत आहेत, फक्त आपल्याला आठवत नाही की ती एकेकाळी एकमेकांवरच्या पहाऱ्याची नावं होती.

आता खरी गोम बघा. हे दरखदार मामलतदाराच्या कचेरीत बसायचे, पण मामलतदाराला त्यांना काढता येत नव्हतं. त्यांची नेमणूक सरकारातून, म्हणजे पुण्याहून. काम काय करायचं ते सनदेत. आणि मामलतदारानं काही गफलत केली तर ती वर कळवणं हे त्यांचं कामच होतं, चुगली नव्हे. सुरेंद्रनाथ सेन यांनी १९२३ साली मराठ्यांच्या राज्यकारभारावर जे पुस्तक लिहिलं त्यात ही व्यवस्था तपशीलात आली आहे. एका बंगाली अभ्यासकाला तिचं महत्त्व दिसलं, आपण मात्र फडणीस म्हटलं की फक्त नाना फडणवीस आठवतो.

दरखदाराकडे तीन गोष्टी होत्या, ज्या आजच्या डेटा अधिकाऱ्याच्या चर्चेत पुन्हा पुन्हा येतात. ज्याच्यावर नजर ठेवायची त्याला आपल्याला काढता येत नाही, ही पहिली. आपलं काम काय ते त्यानं ठरवलेलं नाही, वरून लिहून आलंय, ही दुसरी. आणि तक्रार सांगायला त्याच्या डोक्यावरून जाणारा रस्ता आहे, ही तिसरी.

पण ही व्यवस्था सोन्याची होती असं समजू नका. इतिहासाचं कौतुक करताना आपण फार लवकर फेटे बांधतो. दरखदारी बहुतेक वंशपरंपरेनं चालायची. आजोबा फडणीस म्हणून नातू फडणीस, त्याला हिशेब येवो न येवो. काढता येत नाही म्हणजे नालायक निघाला तरी काढता येत नाही! दुसरं म्हणजे पहारेकरीच वाटेकरी झाला तर काय, यावर उपाय नव्हता. मामलतदार उत्पन्न लपवायचे, गैरहजर शिपायांचे पगार लावायचे, आणि दरबारातल्या मंडळींना गप्प ठेवायला एक गुप्त रक्कम काढून ठेवायचे. तिला दरबारखर्च किंवा अंतस्थ म्हणत. एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात याचं वर्णन केलंय आणि ते वाचून हसावं की रडावं कळत नाही. सुरुवातीला ही चोरून दिलेली लाच होती. हळूहळू ती ठरलेली फी झाली आणि चक्क हिशेबात दिसायला लागली. पण लाच तर द्यावीच लागायची, मग तिच्यासाठी आणखी वेगळी वसुली सुरू झाली. आणि या नाजूक रकमेत तपासणारे फार खोलात जात नसल्यामुळे मामलतदार साहेबांच्या नावानं गोळा करताना स्वतःसाठी त्याहून जास्त गोळा करायचे. कुंपणच शेत खातं म्हणतात ते हे.

मग दुसऱ्या बाजीरावाच्या काळात सगळंच कोसळलं. मामलती मक्त्यानं द्यायला सुरुवात झाली, जो जास्त बोली लावेल त्याला परगणा. मक्तेदार पुढे पोटमक्ते द्यायचा, आणि शेवटी भार यायचा पाटलावर आणि रयतेवर. उद्या कुणी जास्त बोली लावली तर आपली मामलत जाणार, हे माहीत असलेला माणूस आजच पिळून घेणार. अशा बाजारात दरखदाराच्या सहीला काय किंमत? कचेरीत तो बसलेला असेलही. पण त्यानं कळवायचं कुणाला? वरचाच लिलाव करत होता. आपल्या खानदेशानं या काळात काय भोगलं ते म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून थोडं उरलंय. पेंढारी, भिल्लांच्या नाक्यांवरची भांडणं, ओस पडलेली गावं. १८१८ ला कंपनी सरकार आलं आणि कॅप्टन ब्रिग्ज खानदेशाचा कारभार बघायला बसला.

थोडक्यात, तपासणाऱ्याला खालच्यापासून संरक्षण दिलं तरी, तो ज्याच्याकडे तक्रार नेणार तोच वरचा माणूस धंद्यात भागीदार असेल तर ते संरक्षण कागदावर राहतं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता दीडशे वर्षं पुढे, जर्मनीत.

माहितीच्या कायद्यात जगात पहिला नंबर जर्मनीच्या हेसन प्रांताचा, १९७०. कॉम्प्युटर तेव्हा खोलीएवढे होते. त्या लोकांना एवढी घाई का? कारण त्यांनी १९३९ ची जनगणना पाहिली होती, जिच्यात आजी-आजोबांपैकी कोण ज्यू आहे हे सुद्धा विचारलं होतं. यादी काय करू शकते हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. १९७७ मध्ये देशाचा कायदा झाला, १९७८ पासून तो चालू झाला, आणि त्यात कंपनीतल्या डेटा अधिकाऱ्याची कल्पना आली. कॉम्प्युटरवर माहिती हाताळणारी साधारण पाच माणसं कायम कामाला असली तरी कंपनीनं असा अधिकारी नेमायचा.

ही एक तडजोड होती. उद्योगवाल्यांना दारात सरकारी इन्स्पेक्टर नको होता. सरकारला प्रत्येक कंपनीत माणूस पाठवणं परवडणार नव्हतं. मग ठरलं, घरातलाच माणूस ठेवा, पण त्याला मोकळं ठेवा. तो थेट कंपनीच्या प्रमुखाच्या हाताखाली असेल, मधल्या साहेबांच्या नाही. त्याच्या कामात त्याला कुणी हुकूम द्यायचा नाही. काम केलं म्हणून त्याचं नुकसान करायचं नाही. २००९ ला त्यांनी आणखी एक खुंटी मारली. नोकरीतून काढण्यापासून त्याला खास संरक्षण दिलं, आणि पद सोडल्यावरही एक वर्ष ते चालू ठेवलं. म्हणजे आज पदावरून उतरवला आणि उद्या घरी पाठवला, हा रस्ता बंद.

२५ मे २०१८ पासून हीच गोष्ट अख्ख्या युरोपला लागू झाली. त्यांच्या कायद्याच्या ३८ व्या कलमात तिन्ही दोऱ्या आहेत : कामाबाबत हुकूम नाही, काम केल्याबद्दल काढणं किंवा शिक्षा नाही, आणि थेट सर्वात वरच्या व्यवस्थापनाला रिपोर्ट. चौथी पण आहे. त्याला दुसरं काम देता येतं, पण ते या कामाशी भांडणारं नसावं.

ही चौथी दोरी सर्वात जास्त ताणली गेली. एप्रिल २०२० मध्ये बेल्जियमच्या डेटा प्राधिकरणानं प्रॉक्सिमस या तिथल्या मोठ्या टेलिफोन कंपनीला ५० हजार युरो दंड केला. कारण? त्यांचा डेटा अधिकारीच कंप्लायन्स, रिस्क आणि ऑडिट या खात्यांचा प्रमुख होता. खातं चालवताना माहिती कशी वापरायची ते तोच ठरवणार, आणि दुपारनंतर टोपी बदलून ते बरोबर होतं का हे तोच तपासणार. २०२२ मध्ये बर्लिनच्या प्राधिकरणानं एका ऑनलाईन विक्रीच्या ग्रुपमधल्या कंपनीला ५ लाख २५ हजार युरो दंड लावला. तिथे डेटा अधिकारी हाच ज्या दोन कंपन्या माहिती हाताळायच्या त्यांचा मॅनेजिंग डायरेक्टर होता.

त्याच वर्षी जूनमध्ये युरोपच्या न्यायालयात लाईस्ट्रिट्झ कंपनीचा निकाल लागला. तिनं आपल्या डेटा अधिकारी असलेल्या कर्मचाऱ्याला नेमणुकीनंतर काही महिन्यांतच काढलं होतं. कारण दिलं, फेररचना, हे काम आता बाहेरच्याला देतोय. न्यायालय म्हणालं, जर्मनीला युरोपपेक्षा कडक संरक्षण द्यायचं तर देता येईल, फक्त एक मर्यादा. ते इतकं पण कडक नको, की काम न जमणारा अधिकारी सुद्धा हलवता येणार नाही. वंशपरंपरागत फडणिसाचा प्रश्न लक्झेंबर्गच्या न्यायाधीशांसमोर वेगळ्या कपड्यात उभा राहिला, असं मला हे वाचताना वाटलं.

आता आपल्याकडे या.

२४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं. त्याच्या थोडं आधीच न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांची समिती बसली होती, मुंबई दंगलींची चौकशी करणारे तेच श्रीकृष्ण. जुलै २०१८ मध्ये अहवाल आणि मसुदा आला. त्यात डेटा अधिकारी होता. पण त्याच कलमात एक ओळ होती, की कंपनीला गरज वाटेल ते दुसरं कोणतंही काम या अधिकाऱ्याला देता येईल. "दुसरं कोणतंही"! कामाशी भांडणारं नको, असं काही नाही. २०१९ च्या विधेयकातही ती ओळ तशीच राहिली.

डिसेंबर २०२१ मध्ये संसदेच्या संयुक्त समितीनं वेगळंच टोक गाठलं. हा अधिकारी कंपनीच्या अगदी वरच्या पदाधिकाऱ्यांपैकी असावा, म्हणजे सीईओ, मॅनेजिंग डायरेक्टर, कंपनी सेक्रेटरी, पूर्णवेळ संचालक, सीएफओ वगैरे. हेतू चांगला असेल, की कारकुनाला कोण विचारतो, मोठा माणूस असला तर वजन पडेल. पण सीएफओचं काम पैसा आणणं. लोकांची माहिती विकून पैसा येत असेल तर तो स्वतःला थांबवणार? मामलतदारालाच फडणीस करण्यासारखं झालं हे. ऑगस्ट २०२२ मध्ये ते विधेयकच मागे घेतलं.

शेवटी ११ ऑगस्ट २०२३ ला राष्ट्रपतींची सही होऊन जो कायदा आला, त्याचं १० वं कलम अगदी छोटं आहे. डेटा अधिकारी सगळ्या कंपन्यांना नाही, केंद्र सरकार ज्यांना महत्त्वाच्या म्हणून जाहीर करेल त्यांनाच. तो भारतात राहणारा असावा. तो संचालक मंडळाला जबाबदार असावा. तक्रारींसाठी तो संपर्काचा माणूस. आणि कायद्याच्या कामात तो कंपनीचं प्रतिनिधित्व करेल.

ही चार वाक्यं नीट वाचा. संचालक मंडळाला जबाबदार, ही चांगली गोष्ट, डोक्यावरून जाणारा रस्ता मिळाला. पण काम केल्याबद्दल काढू नये, हे नाही. हुकूम देऊ नये, हे नाही. दुसरी टोपी घालू नये, हे पण नाही. उलट तो कंपनीचा प्रतिनिधी. म्हणजे माझी तक्रार ज्याच्याकडे, तोच समोरच्या पार्टीचा वकील. आणि डेटा बोर्डाकडे जायच्या आधी कंपनीकडची तक्रार संपवून यावं लागतं. त्यामुळे त्याला वळसा घालून जाता येत नाही.

स्वतंत्र डेटा ऑडिटर पण आहे कायद्यात. त्याला नेमणार कोण? कंपनीच.

कुणी म्हणेल, दंड आहे ना. आहे, या कलमाची जबाबदारी मोडली तर १५० कोटींपर्यंत. (खोटी तक्रार केली तर तुम्हाला-मला पण १० हजारांपर्यंत आहे, हे कमी लोकांना माहीत आहे.) पण दंड होतो कशावर? जे कायद्यात लिहिलंय त्यावर. बेल्जियममध्ये दोन टोप्यांवर दंड झाला कारण दोन टोप्या चालणार नाहीत असं लिहिलेलं होतं. इथे लिहिलेलंच नाही.

आणि "आपल्याकडे असं लिहिता येत नाही" असं म्हणणाऱ्यांनी रिझर्व्ह बँकेची परिपत्रकं काढून बघावीत. बँकांच्या माहिती-सुरक्षा अधिकाऱ्यानं आयटी प्रमुखाच्या हाताखाली असू नये आणि त्याला धंद्याचं टार्गेट देऊ नये, असं स्पष्ट लिहिलंय. मोठ्या फायनान्स कंपन्यांच्या जोखीम अधिकाऱ्याला २०१९ पासून ठराविक मुदत आहे. मुदतीआधी हलवायचं तर संचालक मंडळाची मंजुरी लागते, वर रिझर्व्ह बँकेला कळवायचं. त्याला दुसरं पद पण देता येत नाही. बँकांमध्ये जो अंतर्गत लोकपाल असतो, तो त्याच बँकेचा जुना नोकर नसावा अशी अट आहे. म्हणजे पैसे सांभाळायचे असतील तर आपल्याला दरखदार लिहिता येतो. माणसांची माहिती सांभाळायची आली की शाई संपते.

"अतिरिक्त कार्यभार" म्हणजे काय हे नंदुरबारच्या माणसाला समजवायला नको. आपल्या जिल्ह्यात किती खुर्च्यांवर प्रभारी बसलेत, एकाच साहेबाकडे दोन-तीन खाती कशी असतात, ते आपण रोज बघतो. कंपन्यांमध्ये डेटा अधिकाऱ्याचं तेच होणार. लीगलचा प्रमुख किंवा कंप्लायन्सचा प्रमुख, त्याच्या दारावर आणखी एक पाटी. माहितीच्या अधिकारात पण आपण हेच भोगलंय. जन माहिती अधिकारी त्याच कार्यालयाचा, पहिलं अपील त्याच्याच साहेबाकडे. पण तिथे निदान पुढे स्वतंत्र माहिती आयोग आहे. (त्या माहितीच्या अधिकाराच्या कलम ८ मध्ये याच डेटा कायद्यानं जो बदल केलाय, त्यावर वेगळी पोस्ट लिहावी लागेल, आमच्या पोटावर आलाय तो.)

आता कुणी विचारेल, भाऊ, हे सगळं मुंबई-बंगलोरचं, धडगावला काय त्याचं?

धडगाव, अक्कलकुवा, मोलगीच्या बाया बचत गटातून, छोट्या फायनान्स कंपन्यांकडून कर्ज घेतात. आधार, फोटो, अंगठा, घराचं लोकेशन, नवऱ्याचा नंबर, सगळं त्या एजंटच्या मोबाईलमध्ये जातं. तरुण पोरं सुरत, बारडोलीकडे कामाला जाताना ठेकेदाराच्या अॅपवर तेच देतात. समजा उद्या कुणाच्या नावावर न घेतलेलं कर्ज दिसलं, किंवा नंबर दुसऱ्या कंपनीला गेला आणि धमकीचे फोन सुरू झाले. कायद्यानुसार तिनं काय करायचं? संमतीच्या नोटीसमध्ये दिलेल्या संपर्कावर तक्रार करायची. ती नोटीस इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी एकीत मागता येते. त्यात मराठी आहे, गुजराती आहे, संथाळी आहे, बोडो आहे. भिली नाही. पावरी नाही, मावची नाही. आपली अहिराणी पण नाही. म्हणजे जिथून आधार सुरू झालं त्या जिल्ह्यातल्या निम्म्याहून जास्त घरांमध्ये जी भाषा बोलतात, तिच्यात ही नोटीस मागायचा हक्कच नाही.

अशा बाईसाठी कंपनीच्या आत बसलेला तो एक माणूस फार महत्त्वाचा आहे. ती स्वतः दिल्लीच्या बोर्डापर्यंत जाणार नाही, ऑनलाईन फॉर्म भरणार नाही. एजंटांनी गोळा केलेली माहिती विकायची नाही असं मीटिंगमध्ये म्हणणारा कुणी आत असेल, आणि तसं म्हटल्यावर त्याची नोकरी टिकणार असेल, तरच तिचं काही होईल. तो पहिल्या "नाही"ला बदलीवर जाणार असेल तर दुसऱ्यांदा म्हणणार नाही, त्याचंही घर आहे, हप्ते आहेत. त्याला दोष कशाला द्यायचा.

मे २०२७ ला अजून वेळ आहे. नियमात दुरुस्ती होऊ शकते. ज्या कंपन्या महत्त्वाच्या म्हणून जाहीर होतील त्यांच्या डेटा अधिकाऱ्याला मुदत द्या, काढायचं तर कारण डेटा बोर्डाला कळवा, दुसरं भांडणारं पद देऊ नका. रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकातून उचलून चिकटवली तरी चालतील अशी ही तीन वाक्यं आहेत. आपल्या खासदारांना आणि आमदारांना मी हे पत्रानं कळवतोय. उत्तर आलं की इथे टाकीन, नाही आलं तरी टाकीन.

तुमच्याकडून एक काम हवंय. गेल्या वर्षभरात कुणी फायनान्स कंपनीकडून, बँक मित्राकडून किंवा मोबाईल अॅपवर कर्ज घेतलं असेल, तर त्यांनी सही घेतलेल्या संमतीपत्राचा फोटो मला इनबॉक्स करा. नाव, नंबर, आधार झाकून पाठवा, कमेंटमध्ये तर अजिबात टाकू नका. मला त्यात फक्त दोन गोष्टी बघायच्या आहेत : तक्रार कुणाकडे करायची ते लिहिलंय का, आणि कोणत्या भाषेत. नवापूर आणि तळोद्याकडून काहीच आलेलं नाही, तिकडच्या मित्रांनी जरा बघा.